सुई थांबेल तिथे

मी एका व्हिडिओ एडिटिंगच्या दुकानातला संगणक आहे, आणि इतका जुना, की दुरुस्तीवाला मला उघडतो तेव्हा आधी हळहळतो आणि मग शिंकतो.

मित्रांनो, मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून आलेलो नाही. एका कारागिराने मला आपल्या मागच्या खोलीत जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, डिस्क तिसरीकडची. सुरुवातीला आमचं आपापसात मुळीच पटत नसे, दिवसातून दोनदा मी बंद पडायचो. मग हळूहळू सवय झाली. मालकांनी मला रिक्षातून मांडीवर घेऊन दुकानात आणलं आणि खिडकीकडे पाठ करून टेबलावर बसवलं. माझ्यासमोर मालकांची गोल फिरणारी, चाकं लावलेली खुर्ची होती आणि तिच्या डाव्या बाजूला एक स्टूल. त्या स्टुलावर वहिनी बसायच्या. वहिनी म्हणजे मालकांच्या पत्नी. सगळी गिऱ्हाइकं त्यांना वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

माझं काम लग्नांचं. लग्नात दोन कॅमेरे सात-आठ तास चालू असतात. ते सगळं चित्रण माझ्या पोटात येतं. त्यातलं किती ठेवायचं, हीच खरी कटकट. नवरा-नवरीला वाटतं, फिल्म झटपट संपावी. आईवडिलांना वाटतं, एकही पाहुणा सुटू नये. लांबी किती असावी यावरून सख्खी भावंडं दुकानात हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत.

मालक मात्र कधी अडले नाहीत. "ठेवून जा, बघतो," एवढंच म्हणत. मग फिल्म कधी अडतीस मिनिटांची व्हायची, कधी सव्वा तासाची. ती न्यायला आलेले लोक बघून झाल्यावर एकमेकांकडे पाहत. "संपलीसुद्धा?" असं कुणी म्हणालं, की मालक खुर्चीत मागे रेलत. त्या काळात माझं फार कौतुक होत असे. वहिनी रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसत.

आता मालकांचं गुपित सांगतो. वहिनी समोरच्या शिंप्याची काजं-बटणं करायच्या. मांडीवर शर्ट, हातात सुईदोरा. मालक चित्रण लावायचे आणि एक डोळा वहिनींच्या हातावर ठेवायचे. सुई भराभर चालली आहे, म्हणजे समोरचं कंटाळवाणं. काप. सुई हवेतच थांबली, म्हणजे ते बघण्यासारखं. ठेव. तेवीस वर्षं मालकांनी सगळ्या लग्नांची लांबी त्या सुईवर ठरवली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नाही.

गेल्या वर्षी वहिनी तीन आठवडे आजारी होत्या. मग गेल्या.

मालकांनी पाच महिने दुकान उघडलं नाही. माझ्यावर बोटभर धूळ साचली. शेवटी एका लग्नाचं काम आलं आणि त्यांनी शटर वर केलं. नवरी आणि तिचे वडील बरोबरच आले होते.

"काका, बारा मिनिटं," नवरी म्हणाली. "त्याच्यावर एक सेकंद नको. लोक जांभया देतात हो."

"बारा?" वडील ओरडले. "अगं, बारा मिनिटं तर तुझी मोठी आत्या नुसती गाडीतून उतरत होती! तीन तासांची करा हो. एकाला जरी गाळलं ना, तरी वर्षभर तोंड फुगवून बसतील."

"मग त्यांनाच पाठवा तीन तासांची. मी रविवारी सासरी निघाले, मला माझी घेऊन जायचीय."

"तू निघालीस म्हणूनच तर म्हणतोय," वडील एकदम हळू बोलले.

मालक म्हणाले, "ठेवून जा, बघतो." पण या वेळी त्यांनी ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

मित्रांनो, त्या आठवड्यात मालकांनी माझा जीव खाल्ला. सोमवारी फिल्म तीन तास दहा मिनिटांची झाली. मंगळवारी सकाळी एकोणीस मिनिटांची, दुपारी परत दीड तासाची. कापलेलं आणून जोडायचे, जोडलेलं उचलून फेकायचे. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. खुर्चीची चाकं सारखी कुरकुरायची. नवरीच्या मामाला त्यांनी सहा वेळा काढलं आणि सात वेळा घातलं. माझा पंखा घरघरून तापला. एवढा तापलो होतो, तरी मला त्यांचा राग आला नाही. माझी काळजी वेगळीच होती: आता त्यांना थांबवणारी सुईच नव्हती.

बुधवारी त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारली.

"ये, बस जरा या स्टुलावर. नुसतं बघायचं."

चष्मेवाला बसला. दोन मिनिटांत पुढे वाकून म्हणाला, "त्या काकांचा नंबर वाढलाय बघ. कागद किती लांब धरतायत! आणि ही बाई, हिची फ्रेम वाकडी आहे. पत्ता मिळेल का यांचा?"

"अरे, लग्न बघ ना!"

"लग्न काय बघायचं? सगळी सारखीच असतात. मला सांग, तुझं चाललंय काय?"

मालकांनी चित्रण थांबवलं. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत जमलं नाही, तर हे सगळं चित्रण आहे तसं त्यांच्या हातात ठेवीन आणि दुकान बंद करीन. किती ठेवायचं हेच कळत नसेल, तर इथे बसायचं कशाला?"

चष्मेवाला मालकांच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला.

गुरुवारी मालकांनी आपल्या थोरल्या बहिणीला आणून बसवलं. तिने पदर डोळ्यांना लावला तो खाली घेईचना.

"अक्का, ही तर नुसती गाडी आली आहे. अजून कुणी उतरलंसुद्धा नाही."

"अरे, पण गाडी आली की मुलगी जाणारच ना!" अक्का हुंदका देत म्हणाली.

अक्काच्या हिशोबाने फिल्म साडेसात तासांची झाली असती.

शुक्रवारी सकाळी वहिनींची धाकटी बहीण आली. शिंप्याचे चार शर्ट वहिनींच्या पिशवीत राहिले होते, ते परत द्यायचे होते. पिशवी घेऊन ती सहज स्टुलावर टेकली. माझ्या पडद्यावर लग्न चालूच होतं. मालक सारखे डावीकडे बघत होते.

"भावजी, माझ्या हातांकडे काय बघताय? काही चोरलं नाहीये मी."

मालक ओशाळले. आणि मग, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी सुईची गोष्ट कुणालातरी सांगितली. मान खाली घालून, अडखळत सांगितली.

मेव्हणी आधी हसली. इतकी हसली, की पिशवी मांडीवरून खाली पडली. मग तिने डोळे पुसले.

"भावजी, ताईला कुठलं त्यातलं कळत होतं? ती पडद्याकडे बघायचीच नाही. तुमच्याकडे बघायची."

"माझ्याकडे?"

"तिरक्या नजरेने. तुमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, तेव्हाच सांगितलं होतं तिने मला. म्हणाली, 'यांना काही आवडलं की हे खालचा ओठ आत ओढतात. आणि मग माझ्या हातांकडे बघतात. मी तेवढ्यात सुई थांबवते. नाहीतर बिचाऱ्यांचं ठरतच नाही.' मी तिला विचारायचे, परवाच्या लग्नातली नवरी कशी होती गं? तर म्हणायची, कुणास ठाऊक!"

मालक ताडकन उठले. दारापर्यंत गेले.

"म्हणजे इतकी वर्षं मला फसवत होती?"

"फसवलं कुठे? तुम्ही विचारलंत कधी?"

मालक दारातच उभे राहिले. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांच्याकडे बघत. मेव्हणीने शर्ट गोळा केले, पिशवीत भरले आणि जाता जाता त्यांना म्हणाली, "जेवून घ्या वेळेवर." ती गेली तरी ते तिथेच.

मी तर दोघांच्या समोर बसायचो. मला हे दिसायला हवं होतं. पण मी आपला चित्रं सरकवण्यात गुंग.

दुपारी मालक खुर्चीत येऊन बसले. त्यांनी सगळं काढून टाकलं आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. पाहुण्यांची रांग आली. भराभर पुढे. भाषण आलं. पुढे. मग एक तुकडा आला. कॅमेरेवाला बहुधा कॅमेरा तसाच चालू ठेवून पाणी प्यायला गेला असावा. नवरी दोन फोटोंच्या मध्ये दमून बसली होती. तिने घट्ट सँडल काढून टाकले. शेजारी उभे असलेले वडील कुणाशी तरी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी खाली न बघता ते सँडल पायाने हळूच खुर्चीखाली सरकवले, लोकांना दिसू नयेत म्हणून. नवरीचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मालकांचा खालचा ओठ आत गेला.

या वेळी मी पाहिला. त्यांनी सवयीने मान डावीकडे वळवली. स्टूल रिकामं होतं. ते तसेच बघत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी मान सरळ केली आणि स्वतःच कळ दाबली. ठेवलं.

त्यानंतर हात थांबला नाही. ऊन खिडकीतून टेबलावर येईपर्यंत फिल्म तयार झाली. एक्केचाळीस मिनिटं.

शनिवारी बापलेक आले आणि फिल्म बघायला बसले. वडिलांनी बोटांवर पाहुणे मोजायला सुरुवात केली. "माझा साडू कुठे गेला? आणि ते बँकेतले..."

"बाबा, गप्प बसा ना!"

मग ते सँडल आले. वडिलांची बोटं तशीच राहिली. "हे कधी झालं?" ते म्हणाले. नवरीने नुसता वडिलांचा हात धरला आणि फिल्म संपली तरी सोडला नाही. किती मिनिटांची झाली, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

मालकांनी दुकान बंद केलं नाही. ते अजूनही काम करतात, आणि अजूनही ओठ आत गेला की मान डावीकडे वळतेच. त्यात दोन-तीन सेकंद जातात. मी त्यांना घाई करत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांकडे पाच-सहा महिने कुणी लक्ष दिलं नाही, तरी बिघडत नाही. धूळ पुसली की आम्ही परत सुरू होतो. पण तुम्ही अभ्यासाला, खेळायला किंवा कामाला बसता, तेव्हा तुमच्या शेजारी कुणीतरी आपलं शिवणटिपण घेऊन बसलेलं असतं. ते माणूस नेमकं कुठे बघतंय, हे एकदा मान वळवून बघा. आणि त्यालाच विचारा, ते तिथे बसलेलं आहे तोवर.