देगीची गाठ

जिलानीने जुना लोखंडी पलंग कापून सायकलीमागची गाडी बनवली, तेव्हा तो मोहल्ल्यात छाती फुगवून फिरत होता. वेल्डिंगच्या कामात हात बसलेला माणूस. पलंगाचा अँगल, भंगारातली दोन चाकं आणि सीटखाली अडकवायचा दांडा, झाली गाडी. वाळूची दोन पोती टाकून त्याने ती दिवसभर नांदेडात फिरवली. पोती जागची हलली नाहीत. मग तो बायकोला, मलिकाला म्हणाला, "आता तुझ्या ऑर्डरी मीच पोचवतो." मलिका लग्नाकार्यांसाठी मोठ्या देगीत दालचा, म्हणजे मटण घातलेली पातळ डाळ, शिजवून द्यायची.

वाळू बसून राहते आणि दालचा हिंदकळतो, एवढं मात्र या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते कळलं पहिलीच ऑर्डर नेताना, भर दुपारी रेल्वे पुलाच्या माथ्यावर. उतार लागताच भरल्या देगीतला दालचा पुढे आदळला आणि गाडीने सायकलीला ढकललं. जिलानीने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल थांबेना. मागे मलिका गाडीला बांधलेली दोरी ओढून धरत धावत होती. गाडीला ब्रेक बसवलाच नव्हता, उतारावर तीच ब्रेक.

"दोरी सोड! मलिका, सोड!"

"न्हाई सोडता येत! कमरेला बांधलीय!"

काही झालं तरी दोरी सुटता कामा नये, असं घरून निघताना जिलानीनेच बजावलं होतं. आणि मलिकाला गाठ येत होती ती एकच, चुलीवरून देग उतरवायची. जितकी ओढावी तितकी आवळणारी.

खाली चौकात ट्रक आडवे जात होते. उडी मारावी तर गाडी मलिकाला फरफटत नेणार. आयुष्यात तो एवढा कधी भ्याला नव्हता.

कडेला दुरुस्तीच्या वाळूचा ढीग होता. त्याने डोळे मिटून हँडल तिकडे वळवलं.

चाकं रुतली, देग कलंडली, वाफाळता दालचा वाळूत गेला. जिलानी धडपडत उठून मागे धावला. मलिका गुडघे फुटून बसली होती, पण धड होती.

"शंभर माणूस जेवायचंय वलीम्याला," ती रडू लागली. "काय तोंड दाखवू मी?"

तो गाठ सोडायला बसला. गाठ हलेना.

"हातात धरायची सोडून कमरेला कशाला बांधलीस गं?"

"हात सुटला असता," मलिका म्हणाली. "पुढं तुमी होता."