आंब्यावरच्या पिवळ्या माळा

मैना, मधे बोलू नकोस गं, आधी नुसतं ऐक. काल आमच्या अक्षयदादाचं घर बघायला नेरळवरून माणसं येणार होती. श्रद्धाचे मामा, मामी नि चुलते. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, राह्यलं फक्त घर. मामांची ड्युटी सहाला सुटते, म्हणजे येणार दिवेलागणीला.

आता आमचं अंगण तुला ठाऊक हाय. पत्र्याखाली एकच हॅलोजन. तो लावला की गोठा नि उकिरडा लखलखतो आणि ओट्याच्या पायऱ्या अंधारात. आत्या तिथंच आपटलेली. म्हटलं, मामा आपटले तर लग्न संपलंच. मग मी आठ दिवस कळंबच्या रिसॉर्टांच्या कुंपणातून बघत फिरले, ते लायटी कशा लावतात. हॅलोजन काढला. पायऱ्यांना खालून लायटीची पट्टी, गेटपासून ओट्यापर्यंत सोलरचे दिवे, आंब्याला पिवळ्या बल्बांच्या माळा. उकिरडा मुद्दाम अंधारात ठेवला. आबा बोलले, ठरायच्या आधीच मांडव घातलास गं. पण बटण दाबलं ना, म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

दादा बाईक घेऊन पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला. तेवढ्यात एक गाडी सरळ अंगणात. दोन बाया, दोन बाप्ये. आमी घरातल्यांनी मामांना कधी बघितलेलंच नाय, बघितलेलं फक्त दादानं. आईला वाटलं, दादाची नि पाहुण्यांची चुकामूक झाली. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी कौतुकानं पाय धुतले नि पायांचे फोटो काढले.

मग ती माणसं घर बघायलाच लागली गं. खोल्या मोजल्या. गादी दाबून बघितली. संडासातला नळ सोडून बघितला. आबा माझ्या कानात बोलले, पोरीची माणसं लय खमकी हायत. एका बाईनं विचारलं, गरम पाणी चोवीस तास असतं का. आई बोलली, चूल पेटवली का असतं. त्यावर ती बाई एवढी खूश झाली की आईला वाटलं, ठरलंच लग्न. लगेच पानं वाढली. गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या. ते मागून मागून जेवायला लागले. एक बाप्या तर आधीच उरकून, हात धुऊन दादाच्या पलंगावर आडवा झाला.

आणि गेटातून दादा आला, मागं रिक्षातून तीन माणसं. खरे मामा.

तेवढ्यात पलंगावरचा उठून मला विचारतो, "सकाळचा नाश्ता किती वाजता असतो?"

मामांनी माळा बघितल्या, जेवणारी माणसं बघितली, नि त्यांचा चेहरा असा काय उजळला. "अक्षयराव, तुमचा रिसॉर्ट हाय हे कधी बोलला नाय."

आणि दादा मान हलवायला लागला गं. हळूहळू, पण होच्याच बाजूला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा डोळ्यांनी विनवतोय. नुसतं हूं केलं असतं तरी तिथंच साखर वाटली असती. पण श्रद्धा नांदायला आली की तिला काय रोज पिवळ्या बल्बात ठेवणार?

मी बोलले, "मामा, रिसॉर्ट नाय. लायटी मी परवा लावल्यात, तुमच्यासाठी. ही माणसं कोण ते आमाला पण माहीत नाय."

जेवणाऱ्यांचे घास तोंडातच राह्यले. मामांनी कोपऱ्याकडं बोट केलं. "आणि तिकडं अंधारात काय हाय?"

"उकिरडा," मी बोलले.

"मग आमी रविवारी येतो. सकाळी दहाला. उजेडात."

चहा घेतला नि गेले, कोंबडी तर संपलेलीच. ती गाडीवाली माणसं कळंबच्या रिसॉर्टाला निघालेली, माळा बघून आमच्यात वळलेली; दहादा माफी मागून सटकली. रिक्षात बसता बसता मामींनी मात्र हळूच विचारलं, माळा कुठून आणल्या म्हणून. त्यावर आबा आशा धरून हायत. आई दुसरी कोंबडी शोधतेय आणि दादा माझ्याशी बोलत नाय.

आता तूच सांग मैना, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?