मिस्तरींची करंगळी

पुण्याचा साहेब इंजिनाला ठिणगी देणारी नवी पेटी घेऊन आला, तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. धामणगाव बढ्याच्या जिनिंगमध्ये आम्ही बाया रेच्यांवर बसायचो, कापसातली सरकी वेगळी काढायचो. ते सगळे रेचे एका इंजिनावर फिरायचे, आणि इंजिन आमच्या ह्यांच्या हातात. लोक त्यांना इंद्रभान मिस्तरी म्हणायचे. मी कशाला नाव घेऊ?

कोळशाच्या गॅसवर चालणारं ते धूड. गॅस पेटवायला ठिणगी लागते, ती म्याग्नेटो द्यायचा. ठिणगी जोरात आहे का, हे बघायची ह्यांची तऱ्हाच वेगळी. डाव्या हाताची करंगळी वायरीला लावायची, शेजारचं बोट इंजिनाच्या लोखंडाला. झटका बसला की म्हणायचे, "हाव, बरोबर." दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

दोन हंगाम मात्र एकच कुरकुर चालली होती, "म्याग्नेटो मेला. झटकाच देत नाही." इंजिन तर रोज सुरू व्हायचं. पण मिस्तरीचा शब्द म्हणून मालक भगवानरावांनी साहेबाला बोलावलं.

इंजिन बंद ठेवून साहेबाने पेटी बॅटरीला जोडली. आम्ही बाया दारात गोळा झालो.

"ही साधी ठिणगी नाही. ह्याला प्लाझ्मा म्हणतात," तो म्हणाला आणि बटण दाबलं. निळी, जाडजूड ठिणगी फटकन वाजली. बनाबाई किंचाळली. मला तर त्याचा संतापच आला. "कापसाच्या घरात असलं भूत आणता काय?" मी ओरडले.

"तेच तपासायला आलोय," साहेब म्हणाला. "इथे चालेल की नाही ते बघू. वायरीला मात्र कुणी हात लावू नका."

हे ह्यांना सांगायचं!

"पारखल्याबिगर मी काही घेत नाही, साहेब," हे म्हणाले आणि तो अडवेपर्यंत करंगळी वायरीला लावलीसुद्धा. फट्! फट्! आम्ही सगळे दचकलो. हे नाही दचकले.

"कमजोर हाय हो," ते शांतपणे म्हणाले. "हे बी काही देऊन नाही राह्यलं."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. करंगळीचं टोक काळं पडलं होतं.

साहेबाने घाईघाईने बटण बंद केलं. तो जुन्या म्याग्नेटोकडे गेला, मालकांना चाक फिरवायला लावलं आणि आपलं बोट वायरीला टेकवलं. असा उडाला की भिंतीवरच आदळला. हात काखेत दाबून म्हणाला, "ह्याला काहीच झालेलं नाही. चांगला चालू आहे."

सगळ्यांची नजर करंगळीवर गेली. भगवानराव एक पाऊल मागे सरकले. बनाबाईने पदर नाकाला लावला.

मला एकेक आठवायला लागलं. तव्यावरची भाकरी हे नुसत्या बोटांनी उलथायचे, चिलमीवर निखारा हाताने ठेवायचे. आणि मी शहाणी गावभर सांगत फिरायचे, माझ्या माणसाचे हात लोखंडाचे आहेत म्हणून! दिवाळीत महारोगाची तपासणी करणारे आले होते. डोळे मिटायला लावायचे, कोंबडीचं पीस अंगाला लावायचे आणि विचारायचे, लागलं का? त्या दिवशी हे इंजिनाचं निमित्त करून घरी आलेच नव्हते.

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "तुम्हाले मालूम होतं! काऊन गप राह्यले?"

"म्याग्नेटोच मेला असं वाटलं मले, फुला," ते खाली मान घालून म्हणाले.

"गोळ्या मिळतात," साहेब हळूच म्हणाला. "हा रोग बरा होतो."

"खात्री झाल्याबिगर मी त्याले इंजिनाले हात लावू देणार नाही," भगवानराव म्हणाले. खात्री करायला मात्र कुणी पुढे येईना. इंजिन गेलं तर ह्यांच्याजवळ काय उरणार होतं?

मी खाली पडलेली रुई उचलली, तिचा बोळा केला आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "डोळे मिटा. हात पुढं करा."

त्यांनी लगेच ऐकलं. करपलेली करंगळी माझ्यासमोर होती. माझाच हात पुढे जाईना. नुसतं तोंडातून निघून गेलं, "लागलं का?"

"हाव," ते घाईघाईने म्हणाले. "लागलं ना, चांगलं लागलं."

बोळा अजून माझ्या मुठीतच होता.