मुकं पाणी

माझ्या सासूबाई, गोजरबाई, यांनी सांगून ठेवलं होतं, की ज्या लेकराला वाचा फुटत नाही त्याच्यासाठी श्रावणातल्या सोमवारी मुकं पाणी न्यावं. वाहत्या धारेत तांब्या भरायचा आणि महादेवाच्या पिंडीवर ओतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तांब्या भुईला टेकवायचा नाही. बोललं किंवा टेकलं, की ते पाणी नुसतं पाणी.

आमची सृष्टी साडेतीन वर्षांची झाली तरी एक अक्षर बोलत नव्हती. कान चांगले आहेत, डॉक्टरांनी दोनदा तपासले. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणतात, तिच्याशी सतत बोला. म्हणून माझा मुलगा शिवशंकर आणि सून रेणुका दिवसभर तिला प्रश्न विचारतात, आणि ती मान वर करायच्या आत उत्तरही देऊन टाकतात. मी उपास करते, पोथी वाचते, मॅडमचंही ऐकते. एवढा एकच उपाय राहिला होता आणि श्रावणातला हा शेवटचा सोमवार होता.

वेरूळच्या एकोणतीस नंबरच्या लेण्याशेजारी धबधबा पडतो आणि घृष्णेश्वर तिथून जवळ. आम्ही बजाजनगरहून सकाळीच निघालो. पायऱ्या उतरून धारेपाशी गेलो तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आता मी देवळापर्यंत बोलणार नाही." तांब्याचं सांगायचं राहूनच गेलं. ती चूक माझी.

धारेच्या अलीकडं दोरी बांधलेली होती. तिथला पहारेकरी म्हणाला, "मावशी, पुढं नाय जायचं. लई शेवाळ हाय. आणा तांब्या, मी भरून देतो."

मी मान हलवली. पाणी आपल्याच हातानं भरायचं असतं.

"अहो, द्या की! तांब्या घेऊन मी काय पळून चाललोय?"

"त्यांचं मौन हाय, दादा," रेणुका म्हणाली.

"मौन? मंग आमच्या घरचीला बी आणतो उद्या हितं," असं म्हणत त्यानं दोरी वर उचलली, माझं मनगट घट्ट धरलं आणि मला धारेपर्यंत वाकू दिलं. तांब्या काठोकाठ भरला. त्या माणसाला मी मनातून हात जोडले.

इथवर सगळं नीट झालं. मग पावसाची सर आली आणि आम्ही लेण्यात शिरलो. आत अंधार, गार दगड, एवढाले खांब, आणि बारीक बोललं तरी घुमणारा आवाज. मधल्या गाभाऱ्यात पिंड दिसली.

"आई, इथंच ओता ना," रेणुका म्हणाली. "तिकडं रांगेत दोन तास जातील."

मी नकार दिला. या पिंडीची पूजा होत नाही, आणि लेण्यात पाणी ओतू देणार आहे कोण? पण हे मानेनं कसं सांगायचं? ती पुटपुटली, "बरं बाई. तुमच्या मनासारखं."

तेवढ्यात सृष्टी रडायला लागली.

"काय पाहिजे, बाळा? भूक लागली? मक्याचं कणीस? सू आली?" रेणुकानं विचारलं.

"माकड दिसलं असंल तिला," शिवशंकर म्हणाला. "फोटो काढायचा का, बाळा? इकडं बघ! हस बरं!"

सृष्टी आणखीनच जोरात रडायला लागली आणि स्वतःचा हात चावू लागली. मी मागं उभी होते, बोलायचं नव्हतं म्हणून नुसती बघत होते. मला दिसलं, की ती उजवा पाय टेकवतच नाही. पावसाळी बुटाचं टोक दुसऱ्या बुटावर ठेवून एका पायावर डोलते आहे.

मी रेणुकाला बुटाकडं बोट केलं.

"इथं चपला नाय काढायच्या, आई. हे देऊळ नाय."

मी पुन्हा बोट केलं, माझं पाऊल उचलून दाखवलं.

"आईचे पाय दुखायलेत," शिवशंकर म्हणाला. "बस गं त्या पायरीवर. तुला म्हणलं नव्हतं का, एवढं चालणं झेपायचं नाय?"

मी खाली बसून एका हातानं बुटाचा पट्टा ओढू लागले. तो ओला, घट्ट, आणि पोरगी लाथा झाडते. मी तांब्या रेणुकापुढं केला. तिनं घेतला आणि सरळ फरशीवर ठेवायला वाकली! मी झडप घालून तो परत हिसकून घेतला. अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडलं.

"बघा!" रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिसकूनच घ्यायचा होता तर दिलात कशाला, आई?"

तिकडं शिवशंकरनं सृष्टीच्या पाठीत धपाटा घातला. "गप! सगळे बघायलेत!"

माझ्या छातीत नुसती आग झाली. इतकं साधं, समोर दिसतंय, आणि दोन शहाण्या माणसांना कळू नये? साडेतीन वर्षं हे लेकरू हेच सोसतंय का?

"अरे, तिच्या बुटात काहीतरी हाय!" मी ओरडले. "बूट काढ आधी!"

जन्मात मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. सगळं लेणं घुमलं. लांबचे लोकसुद्धा वळून बघायला लागले.

शिवशंकरनं बूट काढला. आतून खडा पडला, कडेनं फुटलेला, टोकदार. अंगठ्याला फोड येऊन फुटला होता. सृष्टीचं रडणं थांबलं, नुसते हुंदके राहिले.

"आई, तुझं मौन..." शिवशंकर म्हणाला.

"गेलं."

"परत भरू की. पहारेकरी चांगला हाय."

परत भरता आलं असतं. सासूबाईंच्या नियमात ते बसत होतं की नाही, मला आठवेना, आणि त्या वेळी आठवून घ्यायचंही नव्हतं. मी उरलेलं पाणी हळूहळू सृष्टीच्या पायावर ओतलं. देवाचा राग आला होता, लेकाचा त्याहून जास्त.

"उचल तिला," मी म्हणाले. "आणि विचारू नको काही. जरा तोंडाकडं बघ तिच्या."

त्यानं तिला कडेवर घेतलं. रेणुका बूट घालायला पुढं झाली तशी सृष्टीनं बोटानं तो बूट हळूच दूर सारला.

शिवशंकर काही म्हणायला गेला आणि थांबला. तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बूट नको? बरं. नाय घालत."

सृष्टीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. रेणुकानं तो बूट पिशवीत टाकला. मी रिकामा तांब्या घेऊन त्यांच्या मागं पायऱ्या चढू लागले. पदर भिजलेला होता, पोटात भूक होती आणि राग अजून उतरला नव्हता.