चार खुंट्या

डोंगराला दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. तो एक ना एक दिवस खाली गल्लीत उतरणार, याची गॅरेजवाल्याला खात्री होती. म्हणून त्याने टपालाची जुनी गाडी घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं. चार बर्थ, पाण्याचे कॅन, डबाबंद खाणं, औषधांची पेटी, सगळं जय्यत. त्याची बायको शिवणकाम करायची. तिने उरलेल्या कापडांच्या चार पिशव्या शिवल्या: नवऱ्याची निळी, लेकीची पिवळी, सासूबाईंची हिरवी, स्वतःची लाल. प्रत्येकीत शिट्टी, टॉर्च, मास्क आणि नवेकोरे बूट. गाडीच्या दाराशी चार खुंट्या. रविवारी आधी मोजणी, मग चहा. हा नियम तिचा, आणि नियमाच्या बाबतीत बाई कोणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

एका रविवारी खुंट्यांवर तीनच पिशव्या दिसल्या. हिरवी गायब.

गाडीला कुलूप होतं, किल्ली स्वयंपाकघरात. लेक म्हणाली, मी हातही लावला नाही. नवऱ्याने खांदे उडवले. तिने दुसरी हिरवी शिवून, भरून टांगली. पुढच्या रविवारी तीही नाही. कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, हे जणू गाडीच ठरवत होती. सासूबाई नुसत्या खोकल्या तरी तिच्या हातातली सुई थांबायची.

तिसऱ्या रविवारी दोनच पिशव्या उरल्या. या वेळी लालही नव्हती. डोंगर अजून पेटला नव्हता, तरी गाडीत जळका वास भरला होता.

ती तडक सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या.

"माझी मीच काढली," त्यांनी सरळ कबूल केलं. "दोन्ही वेळा. हे गुडघे घेऊन मी पायऱ्या चढेपर्यंत आग दारात येईल. माझ्यापायी तुम्ही अडकायचं नाही. पिशवीच नसली की कोणी वाटही बघणार नाही."

तिला रडू फुटलं आणि संतापही आला. "आणि माझी?"

"तुझी मी कशाला काढू? वेडी की खुळी तू?"

तिने वाकून पलंगाखाली पाहिलं. दोन हिरव्या पिशव्या होत्या, आणि त्यांना खेटून लाल. तिने लाल पिशवीतले स्वतःचे बूट काढले. कधीच न घातलेल्या त्या बुटांचे तळ काळे होते. बोट लावलं तर राख लागली, अजून कोमट.

अंगणात लेक दोरीच्या उड्या मोजत होती.

"कळलं ना?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही मागे राहिलात, तर मी तुम्हाला न्यायला परत येते."

सासूबाईंनी तिचं बोट रुमालाने पुसून पाहिलं. राख निघेना. मग त्या उठल्या, एक हिरवी आणि ती लाल काखोटीला मारल्या आणि भिंत धरत अंगणातून गाडीपाशी गेल्या. तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घेतला. वर पोचल्यावर दोन्ही पिशव्या आपापल्या खुंटीला लावल्या.

"किती मिनिटं लागली?"

"चार," ती म्हणाली.

"रोज चढते. दोनावर आणते. आणि तोवर झोपायलाही इथेच. माझी गादी घेऊन ये."

ती गादी आणायला पळाली.