पेपरात नाव नाही

सकाळी आठला ड्यूटी बदलली की नेवाशातल्या त्या खासगी दवाखान्यातली नर्स मंडळी आधी चहा ओततात आणि मग पेपर उघडतात. पहिल्या पानाकडे कुणी ढुंकून बघत नाही. सरळ आतलं पान, निधनवार्तांचं. बाहेरच्या माणसाला हे अभद्र वाटेल, वाटू दे. पेशंट एकदा गेटबाहेर गेला की त्याचं पुढं काय झालं हे नर्सला दुसरं कोण सांगणार? चार-चार रात्री ज्याच्या उशाशी काढल्या, तो माणूस हयात आहे की नाही हेही पेपरातूनच कळायचं.

"ताई, आबासाहेब गेले," मोनिका म्हणाली. ती सव्वीस वर्षांची, वॉर्डात सगळ्यांत लहान. "अकरा नंबर बेडचे. 'शांत व मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापलंय."

"शांत?" सविता म्हणाली. "मग तुझ्या अंगावर वरणाची वाटी कुणी फेकली होती?"

दोघी हसल्या. हसता हसताच मोनिकाचे डोळे भरले. वाटी फेकणाऱ्या म्हाताऱ्यावरसुद्धा जीव बसतो, हे या कामातलं दुखणं आहे आणि त्यावर औषध नाही.

सविताने पेपर आपल्याकडे ओढला. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, कंबर गेली होती, आणि आता हे नवीन लागलं होतं. दिवाळीपासून ती रोज या पानावर एकच नाव शोधत होती आणि ते सापडू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती. दगडाबाई, पाथर्डीकडच्या.

झालं होतं ते असं. दगडाबाईंना न्यूमोनिया. सोबत त्यांची लेक, आसराबाई. लेक आणि जावई ऊसतोडीला जाणारे. भाऊबीज झाली की त्यांची टोळी कोपरगावकडे निघणार होती. ताप उतरला म्हणून म्हातारीला घरी सोडलं. त्या दिवशी सविताची सलग दुसरी ड्यूटी होती. पाय ठणकत होते, कधी एकदा खुर्चीवर टेकते असं झालं होतं. तेवढ्यात आसराबाईने तिला गाठलं.

"सिस्टर, खरं सांगा. आईला भावजयीपाशी ठिवून जाऊ का मी?"

आदल्या दिवशी संडासापर्यंत चालताना म्हातारीला केवढी धाप लागली होती, ते सविताने स्वतः बघितलं होतं. ओठ निळसर झाले होते. निदान 'थांबा, फाईल बघून सांगते' एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण फाईल होती टेबलावर, आणि टेबल होतं वीस पावलांवर.

"जा बिनघोर," ती म्हणाली. "आजी ठणठणीत होतील."

आसराबाई गेली. आणि ते वीस पावलं न चालणं सविताला तेव्हापासून खात होतं. आज संक्रांत उलटून गेली तरी नाव आलं नव्हतं. म्हणजे म्हातारी आहे. म्हणजे आपला शब्द खरा ठरला. रोज सकाळी ती स्वतःची अशी समजूत काढायची आणि मगच बसला उभी राहायची.

"आजपण नाही," ती सुटल्यासारखी म्हणाली.

"कोन न्हाई?" गोजरबाईने विचारलं. गोजरबाई वॉर्डातल्या मावशी, त्याही पाथर्डीकडच्याच. हातातला पोछा भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या.

सविताने नाव सांगितलं. आजवर ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशींनी पेपरकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आवो सिस्टर, आमच्याकडचं मानूस पेपरात कसं यील? बातमी कुनीतरी द्यावी लागती ना. दिवाळीनंतर आख्खं गाव उसाच्या फडावर. मागं म्हातारी मानसं आन् कुत्री. माझा सासरा गेला, त्याची बातमी कुठं आल्ती?"

इतकी साधी गोष्ट. बावीस वर्षं ते पान वाचूनही सविताला सुचली नव्हती. अडीच महिने ती नको त्या दारात उभी राहून वाट बघत होती. तिला स्वतःचा राग आला, आणि खरं तर थोडा मावशींचाही.

ती स्टोअरच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसली. जुन्या फाईलमधून आसराबाईचा नंबर काढून आणला होता. चौथ्यांदा फोन लागला. पलीकडे ट्रॅक्टरची घरघर होती.

"मी सविता सिस्टर, नेवाशाहून. आजी कशा आहेत?"

"आई गेली की, सिस्टर. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिशी."

घरी सोडल्यापासून जेमतेम आठवडा.

"तुम्ही होता का जवळ?"

"न्हाई. मोबाईलला चार्जिंग नव्हतं. मुकादमाकडं निरोप आला, मला दुसऱ्या दिशी कळला. पोचले तवा राख सावडायचं चाललं हुतं."

आवाजात तक्रार नव्हती. तेच सविताला सहन होईना.

"आसराबाई, मी तुम्हाला जा म्हणाले ते फाईल न बघता म्हणाले. त्यांना धाप लागत होती, मला माहीत होतं. मी दमले होते, म्हणून म्हणाले. माझं चुकलं. तुमची आईची भेट माझ्यामुळे हुकली."

बोलणी खायची सविताची तयारी होती. शिव्यासुद्धा चालल्या असत्या.

"मला ठावं हुतं," आसराबाई म्हणाली. "आईची धाप मला दिसत नव्हती का? रात्रभर तिची पाठ चोळीत मीच हुते की."

"मग गेलात कशा?"

"टोळी थांबती व्हय कुनासाठी? जायाचं तर हुतंच. पन आईला टाकून कुनी तरी 'जा' म्हनल्याबिगर पाय उचलंना. डाक्टर तितंच हुते, त्यांना न्हाई इचारलं. ते खरं बोलले आसते. तुमी दमलेल्या दिसल्या. म्हनून तुमाला इचारलं."