बुटातल्या मुंग्या

मामाच्या अंगाला बाराही महिने भट्टीतल्या पावाचा वास यायचा, आणि भाचीला तो अत्तरापेक्षा आवडायचा. भाची चार वर्षांची. नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते दवाखान्याच्या कागदापुरतं. घरात, जिन्यात, गल्लीत सगळे तिला ठिणगीच म्हणायचे. एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. रक्तात एचआयव्ही होता, जन्मापासून, आईकडून आलेला. आईला तो नवऱ्याकडून मिळाला होता, आणि नवरा आजाराचं नाव ऐकून जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून बहीण आणि भाची मामाच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. त्याआधी मामा त्या खोल्यांत फक्त झोपायला यायचा.

त्या दिवसांत मामाच्या मागे एक नसती ब्याद लागली होती. त्याच्या कामाच्या बुटांत मुंग्या व्हायच्या. बूट झटकले, धुतले, उन्हात वाळवले, तरी दुसऱ्या दिवशी पाय घातला की मुंग्या हजर.

"साखरेत वावरतोस दादा, चिकटत असेल," बहीण म्हणाली.

"मग बेकरीत बाकी कुणाला का नाही चावत?"

"तुझं रक्त गोड असेल."

ठिणगी हे ऐकून पोट धरून हसली. मामाला वाटलं, चला, आपल्या पायांची आग होते, पण पोर तरी हसते.

आणि मग एका दुपारी तिने बिस्किट नको म्हटलं. मामा भट्टीवरून मोडकी बिस्किटं घेऊन यायचा आणि ती दारातच पुडीवर झडप घालायची. त्या दिवशी तिने पुडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"टोचतं," ती म्हणाली.

मामाने तिला खिडकीशी नेऊन आ करायला लावलं. जिभेवर, गालांच्या आतून, टाळूला पांढरे ठिपके. दुधाची साय चिकटली असेल म्हणून त्याने ओल्या फडक्याचं टोक हळूच फिरवलं, तर खालून लालभडक कातडी दिसली आणि ठिणगीने अशी किंकाळी फोडली की शेजारीण दारात आली. बहीण शिवणकामाच्या कारखान्यातून आली तेव्हा मामा पोरीला कडेवर घेऊन जिन्यातच उभा होता. तसेच तिघं मुलांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरबाई ठिणगीला जन्मापासून ओळखत होत्या. त्यांनी तोंडात बॅटरी मारली, गिळताना दुखतं का ते विचारलं, आणि ठिणगीने मान हलवताच त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ही बुरशी आहे."

"बुरशी?" मामा हबकला. "आमच्या शिळ्या पावाला येते ती?"

"तिची चुलत बहीण म्हणा. तुमच्या तोंडातही असेल, माझ्याही असेल. एरवी शरीराचा पहारा कडक असतो, तिला डोकं वर काढू देत नाही. पहारा ढिला पडला की ही हातपाय पसरते. आम्ही याला संधिसाधू आजार म्हणतो. घशाखालीही उतरली असावी, म्हणून पोटातून औषध देऊ. बरी होईल, काळजी नको. पण मला वेगळीच काळजी आहे. पहारा ढिला का पडला? एचआयव्हीचं औषध रोज देताय ना?"

"रोज देते," बहिणीचा आवाज चढला. "स्वतःच्या हाताने चमच्यात विरघळवून देते. एक संध्याकाळ चुकवलेली नाही मी!"

डॉक्टरबाई खुर्ची सरकवून ठिणगीच्या समोर बसल्या. "काय गं, चमच्यातलं औषध कुठे जातं?"

ठिणगीने आईकडे पाहिलं, मग मामाच्या पायांकडे. "मामाच्या बुटात."

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मामाने खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे असं पाहिलं, जणू ते आत्ता बोलायला लागतील. चमचा तोंडात घ्यायचा, गाल फुगवून दाराकडे पळायचं आणि बुटात पिचकारी मारायची, असा बाईसाहेबांचा रोजचा शिरस्ता होता. औषध वरून गोड, मागून कडू. कडू तिला नको होतं आणि गोड मुंग्यांना हवं होतं.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मामालाही. बहीण मात्र पांढरीफटक पडली. "का गं असं केलंस?"

"मला एकटीलाच का?" ठिणगीचा ओठ थरथरला. "मी काय केलं? तू नाही घेत. मामा नाही घेत."

बहीण खुर्चीत मटकन बसली. तीही रोज गोळी घ्यायची. पण स्वयंपाकाच्या ओट्याशी, पाठ फिरवून, पोरीची नजर चुकवून. पोरगी गल्लीभर सांगत सुटेल, लोक दार बंद करतील, ही धास्ती. मामाला ते माहीत होतं. त्याने कधी विषय काढला नव्हता.

"तिला सगळं आजच सांगायला हवं असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तिच्यासमोर घ्या. मुलांना कडू चालतं, एकटेपणा चालत नाही."

त्या संध्याकाळी बहिणीने जमिनीवर फतकल मारली आणि गोळी तळहातावर ठेवून ठिणगीसमोर धरली. "ही माझी. मी पण रोज घेते. आपल्या दोघींच्या रक्तात एक खोडकर पाहुणा आहे, हे घेतलं की तो झोपून राहतो."

ठिणगीने गोळी नीट पाहून घेतली. "मग मामा?"

मामाच्या रक्तात पाहुणा नव्हता, आणि दुसऱ्याचं औषध घ्यायचं नसतं. पण पंगतीतून उठणं त्याच्या जिवावर आलं. त्याने बिनसाखरेची काळी कॉफी चमचाभर घेतली. कडू त्याला लहानपणापासून सोसत नसे. त्याने जे तोंड केलं ते पाहून ठिणगी आपला चमचा कधी गिळून बसली हे तिचं तिलाच कळलं नाही.

तेव्हापासून रोज कडू तोंडांची शर्यत लागायची. बहीण डोळे तिरळे करायची, मामा जीभ बाहेर काढून धापा टाकायचा, निकाल ठिणगी द्यायची आणि बहुतेकदा स्वतःलाच जिंकवायची. मध्येच तिला ताप आला, तेव्हा बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती साधी सर्दी निघाली. तोंडातले ठिपके ओसरले, मऊ भातावरून गाडी पुन्हा कडक पदार्थांवर आली, आणि काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल वाचून सांगितलं, "पाहुणा गाढ झोपलाय. वजनही वाढलंय. असंच चालू ठेवा."

तिघं दवाखान्याबाहेर आले. समोरच्या बागेत झोपाळे होते. ठिणगी त्यांच्याकडे धावली, आणि मामा पाहतो तर बहीणही तिच्या मागे धावली, शेजारच्या झोपाळ्यावर बसली आणि पायांनी माती उडवत म्हणाली, "दादा, जरा जोरात ढकल ना."

"अगं, मला पीठ मळायला जायचंय."

"पीठ कुठे पळून जातंय?"

मामाने बाह्या सावरल्या, दोघींच्या मध्ये उभा राहिला आणि एका हाताने आईला, दुसऱ्या हाताने लेकीला झोके देऊ लागला.